ट्रॉली जोडताना आणि सोडताना



अवजार बँक असलेल्या गटांमध्ये चित्र साधारण सारखंच दिसतं. ट्रॅक्टर गटाच्या नावावर, हप्ता गट भरतो, भाड्याची वही सचिवताई लिहितात, डिझेलचा हिशेब कोषाध्यक्ष ठेवतात. ट्रॅक्टर चालवायला मात्र ड्रायव्हर ठेवलेला असतो, नाहीतर कुणाचा तरी मुलगा किंवा दीर बसतो. आणि ट्रॉली जोडायची वेळ आली की तो सीटवरूनच हाक मारतो, "ओ काकू, जरा दांडी धरा." मग आपल्यातली जी जवळ असेल ती हातातलं काम टाकून ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधे जाऊन उभी राहते.

या महिन्याचा धडा त्या पाच मिनिटांचा आहे. ट्रॅक्टर चालवायचे वर्ग निघतात, लायसन्सची परीक्षा असते. ट्रॉली जोडायची कशी आणि सोडायची कशी, हे कुणी बसवून शिकवत नाही. बघून बघून येतं. आणि बघून शिकलेल्या कामात दुसऱ्याची चूकसुद्धा बघूनच उचलली जाते.

पुष्कळांना वाटतं हे ताकदीचं काम आहे, म्हणून गड्यांचं आहे. ताकद लागते ती थोडी. लागतो तो क्रम. कोणती गोष्ट आधी, कोणती नंतर, आणि कोणत्या वेळी कुणी कुठे उभं राहायचं, एवढं पक्कं असलं तर साठीतली बाईसुद्धा हे काम नीट करून घेऊ शकते. करून घेऊ शकते असं मी मुद्दाम म्हणते, कारण जमिनीवर उभी असलेली बाई ही ड्रायव्हरची हरकाम्या नसते. त्याला मागचं दिसत नाही, हिला दिसतं. ती थांब म्हणाली की ट्रॅक्टर थांबला पाहिजे. हे ड्रायव्हर ठेवतानाच त्याला सांगून टाकावं.

बैलगाडीची आठवण

आपल्या सासवांना यातलं बरंच ठाऊक होतं. बैल सोडायच्या आधी गाडीच्या पुढच्या बाजूला लाकडाचा टेकू लागायचा, त्याला बऱ्याच ठिकाणी शिपाई म्हणतात. शिपाई उभा केल्याशिवाय जू बैलांच्या मानेवरून काढायचं नाही, हे पोरांनाही सांगावं लागत नसे. गाडी भरतानाही नजर असायची. मागच्या बाजूला जास्त भरलं की जू वर उचलायचं आणि बैलांच्या गळ्याला जोतं रुतायचं. गाडी उलाळ झाली म्हणायचे. पुढे जास्त भरलं की सगळं ओझं बैलांच्या मानेवर. म्हणून वजन धुऱ्याच्या किंचित पुढे ठेवायचं, म्हणजे जू मानेवर हलकं टेकलेलं राहायचं.

दोन चाकांची ट्रॉली म्हणजे लोखंडाची बैलगाडीच. फरक इतकाच की बैलाला त्रास झाला तर तो मान हलवून सांगायचा, ट्रॅक्टर काही सांगत नाही. ट्रॉली मागे जड झाली की दांडी ट्रॅक्टरचा हूक वर उचलते, मागच्या मोठ्या चाकांची पकड कमी होते आणि उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलून आडवी करू बघते. फार पुढे जड झाली की उलटं होतं. ट्रॅक्टरचं तोंड हलकं पडतं, पुढची चाकं जमिनीला नीट टेकत नाहीत, आणि स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही. म्हणून भरताना पोती आधी धुऱ्यावर आणि त्याच्या थोडं पुढे, मग मागे.

चार चाकांच्या ट्रॉलीचं वेगळं. तिचं वजन तिच्याच चाकांवर असतं, हुकावर येत नाही. पण तिची दांडी पुढच्या चाकांबरोबर मोकळी फिरते आणि सोडली की धाडकन खाली पडते. पायाची बोटं तिथेच चेमटतात. आणि चारही चाकं मोकळी असल्यामुळे ही ट्रॉली सपाट दिसणाऱ्या जागेवरही हळूच सरकायला लागते.

मधे माणूस नको, हे जगाला कसं कळलं

आपल्याकडचा कापूस ट्रॉलीतून जिनिंगला जातो. तिथे सरकी वेगळी होते आणि रुईच्या गाठी बांधल्या जातात. एक गाठ १७० किलोची, म्हणजे साधारण पाच क्विंटल कापसाची एक गाठ होते. पूर्वी या गाठी रेल्वेने मुंबईला जायच्या आणि कॉटन ग्रीनला उतरायच्या. हार्बर लाइनवर रे रोड आणि शिवडीच्या मधलं हे स्टेशन. ग्रीन म्हणजे हिरवळ. आज मुंबईत जिथे हॉर्निमन सर्कल आहे, तिथे पूर्वी मोकळं मैदान होतं आणि त्यावर कापसाच्या गाठींच्या थप्प्या लागायच्या. १८४४ साली तो बाजार कुलाब्याला हलला आणि १९२० नंतरच्या काळात शिवडीजवळ समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर आला. हिरवळ किल्ल्यातच राहिली, नाव कापसाबरोबर चालत आलं. कापूस बाजाराची मोठी इमारत आजही स्टेशनच्या पूर्वेला उभी आहे.

माझं माहेर तिथून जवळ, काळाचौकीला. म्हणून त्या भागातली जोड-सोड मी लहानपणापासून पाहिलेली. पोर्ट ट्रस्टची रेल्वे १९१५ साली सुरू झाली आणि तिचे रूळ गोदामांच्या दारापर्यंत गेले होते. जुन्या पद्धतीच्या डब्यांना एकमेकांशी जोडायला हूक आणि स्क्रूची कडी असायची. एक माणूस वाकून दोन डब्यांच्या मधे शिरायचा, जड कडी उचलून समोरच्या हुकात अडकवायचा आणि स्क्रू पिळून आवळायचा. इंजिनाने त्या वेळी जरासा धक्का दिला तर तो माणूस दोन डब्यांच्या मधे.

हे जगात सगळीकडे चाललेलं होतं. अमेरिकेत डबे जोडताना इतके कामगार मेले आणि इतक्यांचे हात गेले, की शेवटी १८९३ साली तिथे कायदा करावा लागला. माणसाला मधे जावं लागणार नाही अशी, आपोआप अडकणारी कडीच डब्यांना बसवायची, असं त्या कायद्याने बंधन घातलं. गंमत म्हणजे तशी कडी निघाली होती १८७३ सालीच. दोन हातांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवावीत, तशी ती असते. वीस वर्षं ती होती, पण कायदा येईपर्यंत सगळ्या कंपन्यांनी ती काही बसवली नाही, कारण पैसे लागत होते आणि माणूस स्वस्त होता. आपल्याकडच्या मालगाड्यांनाही आता मधोमध तशीच कडी दिसते. पुढच्या वेळी फाटकात गाडी अडली तर डब्यांच्या मधे बघा.

आता कॉटन ग्रीन, शिवडी भागातल्या रस्त्यांवर लांबलचक ट्रेलर दिसतात, वीस आणि चाळीस फुटी कंटेनर वाहणारे. त्यांच्या पुढच्या इंजिनाच्या भागाला ड्रायव्हर लोक घोडा म्हणतात. घोडा मागे मागे येतो, ट्रेलरच्या खाली असलेला जाड खुंट घोड्याच्या पाठीवरच्या खाचेत शिरतो आणि खाचेचा जबडा खटकन मिटतो. मधे कुणी नसतं. पण मला सांगायचंय ते पुढचं. जबडा मिटल्याचा आवाज आला तरी चांगला ड्रायव्हर खाली उतरतो, वाकून बॅटरीच्या उजेडात जबडा खरंच मिटलाय का ते बघतो, मग वर चढून ट्रेलरचे ब्रेक लागलेले असतानाच घोड्याला पुढे एक हिसका देतो. ट्रेलर हलला नाही आणि सुटलाही नाही, की मग खाली उतरून ट्रेलरचे लोखंडी पाय हँडल फिरवून वर घेतो. सोडताना आधी ट्रेलरचे ब्रेक, मग पाय जमिनीला टेकवायचे, मग हवेच्या नळ्या आणि दिव्याची वायर काढायची, आणि सगळ्यात शेवटी जबडा उघडायचा. पाय टेकवायच्या आधी जबडा उघडला तर ट्रेलर नाकावर आपटतो.

बैलगाडीचा शिपाई आणि ट्रेलरचे लोखंडी पाय, काम एकच.

आपली ट्रॉली जोडताना

आपल्या ट्रॉलीला आपोआप अडकणारी कडी नाही. पिन हातानेच घालावी लागते, म्हणजे कुणाला तरी मधे जावंच लागतं. तेव्हा मधे कधी जायचं, एवढं आपल्या हातात आहे. उत्तर सोपं आहे: ट्रॅक्टर पूर्ण थांबलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद, आणि ड्रायव्हरने दोन्ही हात वर करून दाखवलेले. त्याआधी नाही. इंजिन बंद करायला ड्रायव्हर कुरकुर करतात, बॅटरी उतरेल म्हणतात, डिझेल जातं म्हणतात. करू द्यावी. बॅटरी नवी मिळते.

पण हे सगळं नंतरचं. सुरुवात ट्रॉलीपासून करायची. ती सपाट जागेवर आहे का, चाकांना पुढून आणि मागून दोन्हीकडून ठोकळे लावलेत का, हे आधी बघायचं. ठोकळे लाकडाचे, तिरपे कापलेले करून घ्यावेत. सुताराकडे बाभळीच्या तुकड्यांचे होतात. दगड लावायची सवय असेल तर गोल दगड नको, तो चाकाबरोबर घरंगळतो. ट्रॉली टायर गरम असताना उभी केली असेल किंवा पाऊस पडून गेला असेल, तर ठोकळा सैल झालाय का तेही बघावं.

मग दांडीची उंची. ट्रॅक्टरचा हूक आणि दांडीची कडी एका उंचीला आणायची, आणि ती ट्रॅक्टर मागे घ्यायच्या आधी आणायची. दांडीला जॅक असेल तर हँडल फिरवून येते. जॅक नसेल तर खाली ठोकळ्यांची थप्पी करायची. ट्रॅक्टर मागे येत असताना कुणीतरी दांडी हाताने उचलून धरायची, ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे आणि सगळे अपघात तिच्यातूनच होतात. जॅक बसवून घ्यायला वेल्डरकडे जो खर्च येईल तो गटाने करावा. रंग मारायचा राहिला तरी चालेल.

आता ट्रॅक्टर मागे घ्यायचा. खुणा करणारी एकच बाई. ती ट्रॉलीच्या बाजूला, चार-पाच पावलं दूर, ड्रायव्हरला मान वळवली की दिसेल अशी. पोरं, कुत्री, बघे लांब. ओरडण्यावर भरवसा ठेवू नका, इंजिनाच्या आवाजात काही कळत नाही. त्यातून आपली भाषा अशी गमतीची, की बैलाला थांबवायला आपण "होऽ होऽ" म्हणतो आणि माणसाला "हो" म्हणजे येऊ दे. एक जण "बस बस" म्हणते, दुसरी "अजून येऊ दे," आणि ड्रायव्हर ज्याचं ऐकायचं त्याचं ऐकतो. म्हणून हाताच्याच खुणा ठरवा. तळहात आपल्याकडे हलवला की मागे ये. दोन्ही तळहातांतलं अंतर कमी करत आणलं की तेवढंच अंतर राहिलं. हात सरळ वर, तळहात उघडा, म्हणजे थांब. आणि खुणा करणारी बाई दिसेनाशी झाली की ड्रायव्हरने आपणहून थांबायचं, ही सगळ्यात महत्त्वाची खूण.

ट्रॅक्टर हळू, खालच्या गिअरमध्ये मागे येतो आणि बहुतेक वेळा दोन बोटं इकडे किंवा तिकडे थांबतो. इथेच मोह होतो. पायाने दांडी ढकलू, खांदा लावून ट्रॉली सरकवू. नको. मधून बाहेर या, ड्रायव्हरला पुन्हा पुढे जाऊन मागे यायला लावा. तीनदा करायला लावलं तरी लाजू नका. आणि भोकं जुळली का ते बघायला भोकात बोट कधीही घालायचं नाही. डोळ्याने बघा, नाहीतर काडी घाला.

भोकं जुळली, इंजिन बंद झालं, आता पिन. पिन वरून खाली घालायची, खालून वर नाही, म्हणजे खालचा चिमटा पडला तरी पिन आपल्या वजनाने जागेवर राहते. पिनच्या खालच्या टोकाला भोक असतं, त्यात लिंचपिन म्हणजे तो चिमटा घालायचाच. पिनच्या जागी बोल्ट, सळईचा तुकडा, पहारीचं टोक, असलं काही चालवून घेऊ नका. सळई वाकते आणि वाकलेली सळई गचक्यासरशी उडी मारून बाहेर येते. पिन भोकात किती खुळखुळते तेही बघा. भोक लांबट झालं असेल, कडीची आतली बाजू झिजून पातळ झाली असेल, तर आधी वेल्डरकडे, मग भाड्याला.

त्यानंतर साखळी. पिन तुटलीच तर ट्रॉली रस्त्यावर मोकळी सुटू नये म्हणून ही दुसरी दोरी. दांडीच्या खालून घ्यावी, वळताना ताणली जाणार नाही इतकी सैल, पण जमिनीला घासणार नाही इतकी आखूड. पुष्कळ ट्रॉल्यांना साखळी नसतेच. बसवून घ्या.

आणि मग घोड्यासारखा हिसका. चाकांचे ठोकळे अजून काढायचे नाहीत. सगळ्या बायका बाजूला, ड्रायव्हर पहिल्या गिअरमध्ये हळूच पुढे ओढून बघतो. ट्रॉली ठोकळ्यांवर अडून राहिली आणि कडी सुटली नाही, की जोडणी झाली. त्यानंतर ठोकळे काढून ट्रॉलीतच टाकायचे, कारण जिनिंगवर पुन्हा लागणार आहेत. मागचे दिवे, लाल रिफ्लेक्टर पुसून घ्या. आणि ट्रॅक्टरच्या ब्रेकचे दोन पेडल असतात, ते रस्त्यावर निघताना कडीने एकत्र अडकवलेले आहेत का, हे ड्रायव्हरला विचारा. शेतात वळण्यासाठी ते वेगळे करतात आणि तसेच विसरतात. भरल्या ट्रॉलीसह रस्त्यावर एकाच चाकाला ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

एक गोष्ट वेगळी सांगते. ट्रॉली फक्त खालच्या हुकाला जोडायची. लिफ्टच्या वरच्या दांड्याला, ज्याला टॉप लिंक म्हणतात, किंवा त्याच्या आसपास उंचावर साखळी बांधून काही ओढायचं नाही. चिखलात रुतलेली ट्रॉली काढताना लोक हे करतात. ओढण्याची जागा मागच्या धुऱ्याच्या वर गेली की ट्रॅक्टर पुढून उचलला जातो आणि ड्रायव्हरला क्लच दाबायचं सुचायच्या आत उलटा त्याच्या अंगावर येतो. लिफ्टच्या दोन हातांमध्ये जी भोकांची पट्टी असते, तिलाही भरलेली ट्रॉली लावू नका. लिफ्ट वरखाली होते आणि तिच्याबरोबर दांडीही.

पदर, ओढणी, वेणी

पाण्याचा टँकर, मळणी यंत्र, फवारणीचा पंप असं काही असेल तर ट्रॅक्टरच्या मागून पीटीओचा शाफ्ट फिरत असतो. तो मिनिटाला ५४० वेळा फिरतो, म्हणजे एका सेकंदात नऊ वेळा. पदराचं टोक अडकलं तर "थांबव" हा शब्द पुरा व्हायच्या आत अंगावरची साडी त्याच्याभोवती गुंडाळली गेलेली असते, आणि तिच्यात बाई असते. शाफ्टवर प्लॅस्टिकचं कव्हर येतं, ते तुटलं की लोक काढून फेकतात. आपल्या बँकेच्या अवजाराचं कव्हर तुटलं असेल तर ते भाड्याला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कापूस वेचताना आपण साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतो ना, तोच इथे घाला. पदर आत, ओढणी काढून ठेवलेली, वेणीचा अंबाडा. पायात चप्पल नको, बंद बूट.

सोडताना

सोडणं सोपं वाटतं आणि जास्त घातक तेच आहे, कारण दिवसभराच्या कामाने सगळे दमलेले असतात, अंधार पडलेला असतो, आणि ड्रायव्हरला घरी जायचं असतं.

नियम एकच धरा: भरलेली दोन चाकी ट्रॉली सोडायची नाही. रिकामी करून सोडायची. आणि रिकामी करतानाही ट्रॅक्टर जोडलेलाच ठेवायचा. का, ते बघा. ट्रॉली हुकाला अडकलेली आहे, बायका पुढच्या बाजूने पोती उतरवतायत, मागे अजून दहा-बारा पोती आहेत. ट्रॉली आता उलाळ झालेली आहे, दांडी वर जायला बघते, पण पिनने धरून ठेवलंय म्हणून दिसत नाही. कुणीतरी पिन उपसली की दांडी उसळून वर येते, थेट हनुवटीवर. म्हणून उतरवताना आधी मागची पोती, मग पुढची. अगदीच भरलेली सोडायची वेळ आली, समजा ट्रॅक्टर बंद पडला, तर पुढे आणि मागे दोन्ही बाजूंना जाड टेकू लावल्याशिवाय पिनला हात लावू नका.

रिकामी ट्रॉली सपाट जागेवर आली की आधी ठोकळे, पुढून आणि मागून. मग जॅक किंवा टेकू दांडीखाली, आणि जॅक इतका चढवायचा की दांडीचं वजन हुकावरून उचललं जाईल. जॅकखाली फळी ठेवा, ओल्या मातीत तो रात्रीतून रुततो. डंपिंग ट्रॉली असेल तर पेटी पूर्ण खाली आणून, इंजिन बंद करून, लिव्हर पुढे-मागे हलवून तेलाचा दाब सोडायचा आणि मगच पाइप काढायचा. दाब असताना काढला तर तेल पिचकारीसारखं उडतं, आणि ते गरम असतं. पेटी वर उचललेली असताना तिच्याखाली कुणीही जायचं नाही, झाडू मारायलासुद्धा. पाइपाच्या टोकाला टोपण लावा, नाहीतर धूळ आत जाऊन पुढच्या हंगामात दुरुस्तीचं बिल येतं. मग दिव्याची वायर काढायची, चिमटा काढायचा, पिन उपसायची.

पिन सहज निघाली पाहिजे. निघत नसेल तर ती काहीतरी सांगतेय. ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलत असेल किंवा ओढत असेल, नाहीतर दांडीचं वजन अजून हुकावर असेल. हातोडा मारू नका. बाहेर या, ड्रायव्हरला बोटभर पुढे किंवा मागे घ्यायला सांगा, जॅक थोडा वरखाली करा, पुन्हा बघा. हातोड्याने ठोकून काढलेली पिन बाहेर येते तेव्हा ट्रॉलीही हलते, आणि ठोकणारी बाई नेमकी समोर असते.

पिन निघाल्यावर क्षणभर थांबायचं. ट्रॉली जागेवर उभी राहिली, दांडी वर-खाली झाली नाही, की मग साखळी. साखळी सगळ्यात शेवटी, कारण पिन काढल्यावर ट्रॉली सरकली तर तीच धरून ठेवणार आहे. मग बाजूला व्हा आणि ट्रॅक्टरला पुढे जायची खूण करा. पिन आणि चिमटा ट्रॉलीच्याच दांडीला दोरीने बांधून ठेवा. पिन ट्रॅक्टरच्या डब्यात टाकली की सकाळी ती सापडत नाही, आणि सळईचा तुकडा तिथूनच येतो.

माणसं ट्रॉलीत नकोत

हे या धड्यात बसत नाही असं वाटेल, पण जोडणीची पिन किती महत्त्वाची हे यावरूनच कळतं. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात मजूर बायकांना घेऊन निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली विहिरीत पडली आणि सात जणी गेल्या. कामाला निघालेल्या, डबे बांधून. ट्रॉली माल वाहायला आहे. तिला सीट नाही, धरायला काही नाही, आणि एका पिनवर ती ओढली जाते. जत्रा असो, वऱ्हाड असो की निंदणीची टोळी, गटाची ट्रॉली माणसं न्यायला भाड्याने द्यायची नाही, असा ठराव मासिक बैठकीत घेऊन इतिवृत्तात लिहा. गावातून दबाव येईल. "सगळेच नेतात" म्हणतील. ठराव लिहिलेला असला की नाही म्हणायला एकट्या अध्यक्षताईंना उभं राहावं लागत नाही.

कागदाचंही बघून घ्या. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी असते, तिला तिचा स्वतःचा नंबर असतो. विम्यात ट्रॉली धरली आहे का, भाड्याच्या कामाला तो विमा चालतो का, हे पॉलिसीवर वाचा. वाचून कळत नसेल तर बँक सखीला घेऊन विमा कार्यालयात जा आणि विचारून त्यांच्याकडून लेखी घ्या.

भाड्याच्या वहीत एक रकाना वाढवायला हरकत नाही: ट्रॉली कुणी जोडून घेतली, तिचं नाव. एक लिंचपिन जास्तीची आणून अवजार खोलीत खिळ्याला अडकवून ठेवा, फार महाग येत नाही. आणि पुढच्या बैठकीच्या आधी अर्धा तास ट्रॅक्टर-ट्रॉली बैठकीच्या जागेजवळ आणायला सांगा. ड्रायव्हर दादा सीटवर, आणि गटातल्या प्रत्येकीने एकदा खुणा करून जोडून घ्यायची, एकदा सोडून घ्यायची. बूट घालून या. सराव रिकाम्या ट्रॉलीवर आणि सपाट जागेवरच, आणि पोरांना त्या दिवशी अंगणवाडीत बसवून या.